विस्तारलेला नकाशा, हरवलेली माणसे

भोर तालुक्यात भाटघर येथे वेळवंडी नदीवर एकापाठोपाठ एक अशी दोन धरणे बांधली गेली, हे आज फारसे कोणाच्या ध्यानात नसते. १८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खनमधील शेतकरी हवालदिल झाला, त्यानंतर नीरेच्या खोऱ्याला कालव्याचे पाणी देण्याच्या योजनेला गती आली आणि त्या कालव्याची तहान भागविण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे पहिले दगडी धरण उभे राहिले. त्याच्या जलाशयाला व्हायटिंग या इंजिनिअरचे नाव मिळाले. पाच टीएमसीहून थोडे अधिक पाणी साठविणारे हे धरण पुढे अपुरे वाटू लागले. मग १९२८ मध्ये सुमारे १९० फूट उंचीचे आणि मैलभर लांबीचे लॉइड धरण पुरे झाले. साठवण चौपटीहून अधिक वाढली आणि जुने धरण नव्याच्या पाण्यात बुडाले.

पाटबंधारे खात्याच्या हिशेबात हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा निःसंशय सरस ठरतो. बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या भागांतील उसाची हिरवळ त्याची साक्ष देते. परंतु ज्यांची शेते आणि घरे या पाण्याखाली गेली त्या वेळवंडी खोऱ्यातील माणसांना विचारले, तर उत्तर वेगळे येईल. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण भोर-वेल्ह्याच्या डोंगरकपारीतील वस्त्यांना कोणी शिकवावी लागत नाही. एखाद्या कृतीचा पुढला भाग मोठा असूनही उणा का वाटतो, हा प्रश्न म्हणूनच दिसतो तितका पोरकट नाही. तो आज सर्वांत तावातावाने विचारला जात आहे तो मात्र धरणांविषयी नव्हे, तर व्हिडिओ गेमविषयी.

शिक्षकांच्या खोलीत किंवा कचेरीत या विषयाकडे पाहण्याची रीत ठरलेली आहे. मुलांचा वेळ जातो, डोळे बिघडतात, परीक्षेत गुण कमी पडतात. या तक्रारी खोट्या नाहीत. तथापि ज्या वस्तूवर जगातील एक प्रचंड उद्योग उभा आहे, जिच्यासाठी पुण्यातही शेकडो पदवीधर तरुण नोकरी करतात आणि जिची एक प्रत नवी असताना पाच हजार रुपयांच्या घरात विकली जाते, तिच्याकडे केवळ पालकाच्या नजरेने पाहून भागणार नाही. ग्राहकाच्या आणि वाचकाच्या नजरेनेही पाहिले पाहिजे. वाचकाच्या, असे म्हणण्याचे कारण असे की यांतील काही खेळ कादंबरीच्या जवळ जाणारे असतात.

ज्यांना ‘ओपन वर्ल्ड रोल-प्लेइंग’ म्हणतात, त्या खेळांत खेळणाऱ्यापुढे एक अख्खा मुलूख ठेवलेला असतो. गावे, वाटा, बाजार, भांडणे, सरकारे सारे त्यात असते. खेळणारा एक पात्र घडवितो आणि त्याच्या नावाने त्या मुलखात राहतो. कोणत्या गावी आधी जावे, कोणाला मदत करावी, कोणाला फसवावे हे त्याचे तो ठरवितो. त्याच्या निर्णयांचे परिणाम तीस-चाळीस तासांनी त्याच्यापुढे येऊन उभे राहतात. आज ज्याला मदत केली तोच उद्या गावाचा जुलमी मुखत्यार होऊन बसलेला दिसतो. वेगाने बटणे दाबणे हा या खेळाचा प्राण नव्हे. निवड आणि तिची किंमत हा त्याचा प्राण आहे, आणि अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात हेच दोन शब्द फळ्यावर लिहिलेले असतात.

या प्रकारातील ‘फॉलआउट’ ही मालिका प्रस्तुत प्रश्नासाठी विशेष उपयोगी आहे. तिचा पहिला भाग १९९७ मध्ये आला. अणुयुद्धानंतर जमिनीखालच्या एका बंदिस्त निवाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांचे पाणी शुद्ध करणारे यंत्र बिघडते. त्याचा एक सुटा भाग शोधून आणण्यासाठी नायकाला उजाड जगात पाठविले जाते आणि त्याला १५० दिवसांची मुदत मिळते. एवढेच कथानक. पण या प्रवासात भेटणारा प्रत्येक माणूस काहीतरी धरून बसलेला असतो: कोणी पाणी, कोणी बंदूक, कोणी श्रद्धा. शेवटी जो महाभयंकर शत्रू समोर येतो, त्याला न लढताही हरविता येते. त्याने निर्माण केलेल्या नव्या वंशाला संतती होऊ शकत नाही, हे पुराव्यानिशी त्याला पटवून दिले की तो स्वतःच आपला डाव आवरतो. शस्त्रापेक्षा युक्तिवादाला अधिक वजन देणारा खेळ लोकांच्या मनात घर करून राहिला, यात नवल नाही.

पुढे या नावाचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या भागाने जुन्या चाहत्यांत दुफळी माजविली. परंतु २०१० मधील ‘न्यू व्हेगास’ या भागाने अनेकांचे समाधान केले. पहिल्या भागांवर काम केलेली काही मंडळी हा भाग करणाऱ्या संस्थेत होती, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण भाटघरच्या वाचकाला अधिक जवळचे वाटेल. या भागाचे सारे कथानक एका धरणाभोवती फिरते. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीवरचे हूवर धरण, जे प्रत्यक्षात लॉइड धरणानंतर सातआठ वर्षांनी पुरे झाले, ते या कथेत युद्धानंतरही टिकून आहे. त्याचे पाणी आणि वीज कोणाच्या ताब्यात असावी, यावर तीन सत्ता एकमेकींवर टपलेल्या आहेत. एक लोकशाही प्रजासत्ताक आहे, पण ते दूरच्या राजधानीतून चालते आणि स्थानिकांवर कर लादते. एक लष्करी साम्राज्य आहे. तेथे वाटमारी नाही, पण गुलामी आहे. एक धनाढ्य मालक आहे, ज्याला नियोजन कळते पण मतदान नको आहे. या तिघांपैकी एकाला धरण मिळवून द्यायचे, की सर्वांना दूर सारून ते स्थानिकांकडे ठेवायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. कोणतेही उत्तर धुतल्या तांदळासारखे नाही. शेजारच्या मुळशीत १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या पुढाकाराने जो सत्याग्रह झाला, त्यातही पाणी कोणाचे, वीज कोणासाठी आणि जमीन कोणाची गेली हाच वाद होता. एखादा विद्यार्थी धरणाचे अर्थकारण पाठ्यपुस्तकातून कंटाळत शिकतो आणि खेळातून रात्रभर जागून शिकतो, तर दोष सर्वस्वी विद्यार्थ्याचा आहे काय?

या खेळाच्या निर्मात्यांच्या पदरी काय पडले, हेही सांगण्यासारखे आहे. समीक्षकांच्या गुणांची सरासरी शंभरात ८५ आली तर संस्थेला अधिलाभांश मिळायचा होता. सरासरी आली ८४. एका गुणासाठी लाभांश गेला. नापास-पासाच्या सीमेवरील उत्तरपत्रिका वर्षानुवर्षे तपासणाऱ्या शिक्षकांना या एका गुणाची किंमत अधिक सांगण्याची गरज नाही. मात्र त्यातून एक गोष्ट दिसते, की या उद्योगात गुणवत्तेचे मोजमाप करणारी पट्टी किती ठोकळेबाज आहे.

मग नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘फॉलआउट ७६’ आला. जाहिरात अशी होती की याचा नकाशा आधीच्या भागाच्या चौपट आहे. चौपट! भाटघरच्या दुसऱ्या धरणाचे वर्णनही याच मापाने करता येते. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियाचे डोंगर, जंगले, कोळशाच्या खाणी यांचे चित्रण सुंदर होते, असे टीकाकारांनीही मान्य केले. पण त्या चौपट मुलखात माणूस नव्हता. इंटरनेटवरून त्याच वेळी खेळणारे इतर ग्राहक तेवढे भेटत. कथेतील म्हणावा असा एकही जिवंत मनुष्य नव्हता. सारे आधीच मरून गेलेले. त्यांच्या चिठ्ठ्या, ध्वनिफिती आणि काही यंत्रमानव मागे उरलेले. कोणाशी वाद घालायचा, कोणाला फसवायचे, कोणाची बाजू घ्यायची? एखाद्या गावच्या दप्तरातील कागद चाळावेत आणि गावात कोणी नसावे, अशी ती अवस्था होती. ज्या मालिकेने शत्रूला बोलण्यातून हरविण्याची मुभा दिली होती, तिच्या नव्या भागात बोलायलाच कोणी उरले नाही.

त्यात तांत्रिक चुकांची भर पडली. दोनशे डॉलर मोजून विशेष आवृत्ती घेणाऱ्यांना कॅनव्हासची पिशवी मिळेल असे सांगितले होते. प्रत्यक्षात नायलॉनची मिळाली. ओरड झाल्यावर कंपनीने आधी खेळातील थोडे आभासी चलन देऊ केले आणि ओरड वाढल्यावर पिशव्या बदलून देण्याचे कबूल केले. प्रकरण पिशवीचे असल्यामुळे त्यावर विनोद पुष्कळ झाले. परंतु ऑस्ट्रेलियातील ग्राहक संरक्षण आयोगाने विनोद केला नाही. सदोष वस्तू विकून परतावा नाकारणे कायद्यात बसत नाही, ही भूमिका त्याने घेतली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीने तेथील ग्राहकांना पैसे परत करण्याचे मान्य केले. अपेक्षाभंग ही केवळ मनाची अवस्था नसून कधीकधी ती कायद्याच्या कक्षेत येणारी गोष्ट असते, हे येथे दिसले.

आता एका आक्षेपाचा विचार करणे भाग आहे. निराशा पुष्कळदा वस्तूत नसते, ग्राहकाच्या वयात असते. पहिला भाग खेळताना जो पंधरा वर्षांचा होता, तो पुढल्या भागाच्या वेळी तिशीत आलेला असतो. आता त्याला नोकरी आहे, गृहकर्ज आहे, रात्री अकरानंतर डोळ्यांवर झोप आहे. शाळेच्या मैदानावर मोठेपणी गेले की ते लहान वाटते, तसेच हे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले की माणूस लाभहानी शून्यापासून मोजत नाही, मनाशी धरलेल्या एका आधारबिंदूपासून मोजतो, आणि मिळालेल्यापेक्षा गमावलेले त्याला अधिक बोचते. पहिल्या भागाने हा आधारबिंदू उंच नेऊन ठेवलेला असतो. मग साधारण बरी वस्तूही तोट्यात जमा होते. ‘झपाटलेला’ १९९३ मध्ये ज्यांनी डोळे विस्फारून पाहिला, त्यांना २०१३ मधील त्रिमिती दुसरा भाग पाहताना लक्ष्मीकांत बेर्डे यांची उणीव भासली असेल, तर त्यात दिग्दर्शकाचा काय अपराध?

हा आक्षेप निम्मा खरा आहे. निम्माच, कारण काही हानी बोट ठेवून दाखविता येते. ‘एल्डर स्क्रोल्स’ या दुसऱ्या प्रसिद्ध मालिकेचे उदाहरण घेता येईल. तिच्या १९९६ मधील भागाचा नकाशा ब्रिटनच्या बेटाएवढा असल्याचे सांगितले जाई. यंत्राने आपोआप रचलेली हजारो गावे त्यात होती आणि सारी एकमेकांसारखी होती. २००२ मधील ‘मॉरोविंड’ या पुढल्या भागाने हा पसारा आवरला आणि एकाच बेटाचा तुलनेने लहान मुलूख हातांनी घडविला. तो आजही नावाजला जातो. म्हणजे मालिकेत नकाशा आक्रसूनही समाधान वाढले. ‘मॉरोविंड’मध्ये मुक्कामाची जागा दाखविणारा बाण नव्हता. वाटेत कोणी सांगे की ओढा ओलांडा, टेकडीला वळसा घाला, मोठ्या खडकापाशी वाट फुटते. मग खेळणाऱ्याने शोधत जायचे, चुकायचे, पुन्हा मागे यायचे. राजगडाच्या पायथ्याशी वाट विचारणाऱ्या मुंबईकराला गुराखी जसे सांगतो तसे. २००६ मधील ‘ऑब्लिव्हियन’मध्ये होकायंत्रावर बाण आला. बाणामागे चालत गेले की काम होई; वाट पाहण्याचे कारण उरले नाही. याच भागात घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला वेगळे विकण्यात आले आणि चिलखतामुळे कथेत काही फरक पडत नव्हता. त्या वेळी लोक हसले. पुढे हाच व्यापाराचा शिरस्ता झाला. येथे तक्रार करणारा म्हातारा झाला म्हणून तक्रार करतो, असे म्हणता येणार नाही. खेळाचे काम बदलले होते. शोधणारा प्रवासी हवा होता त्या जागी पोहोचवून दिलेला गिऱ्हाईक आला होता. अर्थात तो खेळ अमाप खपला, हेही खरे.

तो खपला, आणि गाठ येथेच आहे. अशा खेळाचा सारा खर्च पहिली प्रत तयार होण्यापूर्वीच होऊन जातो. शेकडो माणसांचे चारपाच वर्षांचे पगार आधी द्यावे लागतात. त्यानंतरच्या प्रत्येक प्रतीचा खर्च जवळजवळ शून्य. एवढे भांडवल घालणाऱ्याला तारण हवे असते. नव्या कल्पनेला तारण नसते, जुन्या नावाला असते. मालिकेचे नाव हे त्या अर्थी गहाणखत आहे आणि त्यात गहाण पडलेली असते ती ग्राहकांची आठवण. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे विश्लेषण करून दाखविले की विकणाऱ्याला वस्तूचे दोष ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला नसतात, तेव्हा वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो. ग्राहक अशा वेळी नाममुद्रेवर विसंबतो. खेळ विकत घेऊन वीस तास खेळल्याशिवाय त्याची प्रत कळत नाही, म्हणून ग्राहक मागच्या भागाच्या पुण्याईवर आगाऊ नोंदणी करतो. पुण्याई खर्च करणे हे एखाद्या तिमाहीत नफ्याचे असते. ती पुन्हा कमवायला किती वर्षे लागतात, ते त्या तिमाहीच्या ताळेबंदात कोठेही लिहिलेले नसते.

शिवाय ताळेबंदाला मोजता येते तेच वाढविले जाते. नकाशाचे क्षेत्रफळ मोजता येते, कामांची संख्या मोजता येते, तासही मोजता येतात. एखाद्या पात्राने दिलेले उत्तर तीन दिवस मनात घोळत राहिले, हे कोणत्या रकान्यात भरायचे? ‘ड्रॅगन एज’ मालिकेचा दुसरा भाग २०११ मध्ये दीड वर्षाच्या आत उरकण्यात आला आणि त्यात त्याच त्या गुहा पुन्हापुन्हा वापरल्याचे खेळणाऱ्यांच्या लगेच ध्यानात आले. घाईत रचलेल्या प्रश्नसंचात मागल्या वर्षीचेच प्रश्न आकडे बदलून यावेत, तसे ते होते. नव्या परिसराचा खर्च वाचला होता. विश्वास किती खर्ची पडला, त्याची नोंद नव्हती.

हा व्यापार दूर परदेशी चालतो, असेही समजण्याचे कारण नाही. १९९० च्या दशकात संगणक शिकलेल्या अनेक कारकुनांना आणि शिक्षकांना ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आठवत असेल: पांढऱ्या कपड्यांतील तो राजपुत्र, तळघरातील खिळे, हातात एक तास. २००३ मध्ये त्या नावाने ‘सँड्स ऑफ टाइम’ हा नवा खेळ आला आणि गाजला. सप्टेंबर २०२० मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने जाहीर केले की त्याची नवी आवृत्ती तिच्या पुणे व मुंबई येथील शाखा तयार करीत आहेत. भारतातील तरुणांच्या हाती एवढे मानाचे काम येणे ही अभिमानाची बाब होती. परंतु पहिली चित्रफीत पाहूनच जगभरच्या चाहत्यांनी नाराजी व्यक्त केली. जानेवारी २०२१ ची तारीख पुढे गेली, मग पुन्हा गेली. मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलच्या शाखेकडे देण्यात आले आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो प्रकल्पच रद्द केल्याचे सांगितले. चाहत्यांची निराशा इंटरनेटवर पानोपान लिहिली गेली. पुण्यातील ज्या तरुणांनी त्यावर कष्ट केले त्यांच्या निराशेची नोंद मात्र कोठे झाली नाही. पुढल्या भागाचा अपेक्षाभंग मोजताना ही दुसरी बाजू सहसा विसरली जाते. वरून ठरलेली तारीख, वरून ठरलेला खर्च आणि लोकांच्या आठवणीने वरून ठरवून दिलेली उंची, या तिन्हींच्या मध्ये काम करणारा उभा असतो.

आता पुन्हा त्या बुडालेल्या धरणाकडे. भाटघरला दुसरे धरण बांधताना पहिले बुडणे अटळ होते, कारण खोरे एकच आहे. भूमी ही दुर्मीळ वस्तू आहे. एका जागी दोन जलाशय मावत नाहीत. संगणकाच्या स्मृतीचे तसे नाही. नवा खेळ आला म्हणून जुना नष्ट होण्याचे काहीएक भौतिक कारण नसते. १९९७ चा ‘फॉलआउट’ आजही विकत मिळतो आणि चालतो. मग पुढला भाग कितीही फसला तरी बिघडले कोठे, पहिला आहेच, असे म्हणता येते. चित्रपटाच्या बाबतीत हे सांत्वन पुरेसे असते.

परंतु गेल्या काही वर्षांत हे सांत्वनही हिरावले जात आहे. ‘ओव्हरवॉच’ हा इंटरनेटवर खेळला जाणारा खेळ, जो भूमिकाखेळ नव्हे, २०१६ पासून लक्षावधी लोकांनी पैसे देऊन घेतला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा दुसरा भाग सुरू करण्यासाठी पहिल्याचे सर्व्हर बंद करण्यात आले. ज्यांनी पहिला विकत घेतला होता, त्यांच्याकडे तो उरला नाही. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेतील ‘व्हाइस सिटी’सारखे जुने भाग, ज्यांवर महाराष्ट्रातील सायबर कॅफेंत एक पिढी वाढली, ते २०२१ मध्ये नव्या आवृत्तीच्या तोंडावर विक्रीतून काढून घेतले गेले. नवी आवृत्ती इतकी सदोष निघाली की कंपनीला दिलगिरी व्यक्त करून जुने भाग पुन्हा दुकानात मांडावे लागले. मार्च २०२४ अखेर ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खुल्या जगाचा खेळ कायमचा बंद झाला. त्याचे दोन पुढले भाग बाजारात होतेच. पहिला भाग एकट्यानेही खेळता येण्याजोगा होता, परंतु सर्व्हरशिवाय तो उघडतच नसे. त्याविरुद्ध युरोपात नागरिकांची मोहीम उभी राहिली आणि २०२५ मध्ये तिच्या निवेदनावरील स्वाक्षऱ्यांनी दहा लाखांचा टप्पा ओलांडला. त्यांची मागणी माफक आहे: विकलेला खेळ बंद करायचाच असेल, तर तो ग्राहकाकडे चालू राहील अशी काही तजवीज करून मग बंद करा.

खोरे एकच नसताना पहिले धरण बुडविले जाते, तेव्हा त्यास निसर्गाची अडचण म्हणता येत नाही. तो व्यापारी निर्णय असतो. जुना भाग हा नव्या भागाचा सर्वांत कठोर प्रतिस्पर्धी असतो. त्याला बाजारातून हटविणे म्हणजे तुलना करण्याची सोय हटविणे होय. मक्तेदारीचे हे नवे रूप पाठ्यपुस्तकांत अजून नीट उतरलेले नाही.

‘फॉलआउट ७६’चे पुढे काय झाले, हे सांगणे न्यायाचे आहे. एप्रिल २०२० मध्ये निर्मात्यांनी त्या ओसाड मुलखात बोलती माणसे आणून वसविली. वस्त्या, टोळ्या, भांडणे परत आली. एप्रिल २०२४ मध्ये या मालिकेवरील दूरचित्रवाणी मालिका गाजली आणि त्यानंतर एका दिवसात दहा लाखांहून अधिक लोक हा खेळ खेळल्याचे कंपनीने सांगितले. म्हणजे हिशेबाच्या वहीत तो आता यशस्वी आहे. ज्यांनी २०१८ मध्ये पूर्ण किंमत देऊन रिकामे गाव विकत घेतले, त्यांना माणसे भेटायला दीड वर्ष लागले, एवढेच.

भारतात या ग्राहकाला काय हाती आहे? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. त्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घालण्याकडे आहे, आणि ती बंदी अनेक घरांना हवीच होती. पण पैसे देऊन घेतलेला साधा खेळ उद्या बंद पडला तर काय, याचा विचार त्यात नाही. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यानुसार विक्रेत्याला सांगावे लागते की ग्राहक खेळ विकत घेत नसून केवळ वापराचा परवाना घेत आहे. येथे तेवढेही बंधन नाही. मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ई-व्यापाराच्या व्याख्येत डिजिटल वस्तू समाविष्ट केल्या आहेत. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. भोरमधील किंवा वेल्हे म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातील एखाद्या विद्यार्थ्याने, शिष्यवृत्तीच्या पैशांतून घेतलेला खेळ बंद पडल्यावर, पुण्याच्या आयोगापुढे साध्या कागदावर अर्ज लिहिला, तर तो केवळ क्षुल्लक म्हणून परत करण्याची तरतूद या कायद्यात नाही. परदेशी कंपनीला पुण्याला हजर करणे सोपे नाही, आणि असा अर्ज लिहिण्यासाठी आधी घरातील वडीलधाऱ्यांना हे पटावे लागेल की मुलाचे खरोखरच काही गेले आहे.